मिठाची खूण

शिवाप्पाने ताटाच्या कडेवर बोटाने टकटक केली, अंगठा आणि दोन बोटं एकमेकांवर चोळली आणि वरणाच्या वाटीकडे हनुवटी केली. मीठ नाही. ही खूण या घरात लग्नाइतकी जुनी होती. अनसाबाईने त्याच्याकडे पाहिलं, दोनदा मान डोलावली, गोड हसली आणि त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

स्टोव्हपुढे बसलेल्या मनीषाचा, म्हणजे सुनेचा, हात तिथेच थांबला. वरणात मीठ घालायला तीच विसरली होती. आता सासरा ताट सरकवणार, असं तिला वाटलं, कारण जेवणाच्या बाबतीत शिवाप्पा कुणाचा मुलाहिजा ठेवणारा नव्हता. पण त्याने भाकरीकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि अळणी वरणाबरोबर ती अख्खी भाकरी मुकाट्याने संपवली.

भांडी घासताना मनीषाने विषय काढला.

"मामी, मामाचे हात तुमाला दिसंना झालेत का?"

अनसाबाईने आधी दिव्यावर खापर फोडलं, मग तिन्हीसांजेवर. मनीषाने घासणं थांबवून तिच्याकडे पाहिलं, तेव्हा अनसाबाईने हातातली थाळी खाली ठेवली.

"तोंड दिसतंय. पर हात हलले की नुसतं धुकं हलल्यावानी वाटतंय. तू त्यांना सांगू नगंस."

"कामून?"

"आमचं बोलणं हातावरच हाय की बाई. मला दिसंना हे कळलं, तर ते बोलायचंच सोडून देतील."

मनीषाला या घरात येऊन दोनच वर्षं झाली होती. नवरा रविकुमार पुण्याकडे चाकणला कामाला, खोली मिळाली की तिला नेणार होता. तोवर तिचं घर म्हणजे बिदरजवळच्या कोळारमधल्या या दोन पत्र्याच्या खोल्या आणि ही दोन माणसं. आणि ही दोन माणसं दिवसभर जेवढी बोलत, तेवढं ऐकू येणाऱ्या जोडप्यांना बोलताना तिने पाहिलं नव्हतं.

शिवाप्पाचे कान चौथ्या वर्षी तापात गेले. घराणं खटकचिंचोळीचं, मेंढरं राखणाऱ्यांचं. एका माळावरून दुसऱ्या माळावर हाक पोचत नाही, तेव्हा मेंढके हात वर करून, काठी आडवी धरून बोलतात. लहानग्या शिवाप्पाने ती भाषा उचलली आणि तिच्यात आपली भर घातली. गुडघा खाजवला की रविकुमार, कारण लहानपणी तो सारखा पडायचा. हनुवटीवर बोट टेकवलं की अनसाबाई, कारण तिथे तिचं गोंदण होतं. दोन्ही मुठी कानांशी नेल्या की मेंढरं. ती शेवटची खूण मात्र अनसाबाईने घरात बंद केली होती. काट्याकुट्यातून मेंढरांमागे चालण्यात तिची जवानी गेली होती, आणि कारखान्याची नोकरी लागल्यावर पुन्हा म्हणून शेपूट असलेलं जनावर दारात बांधायचं नाही, अशी तिने शपथ घातली होती. शिवाप्पा वर्षातून एकदा मुठी कानांशी न्यायचा आणि वर्षातून एकदा अनसाबाई नाही म्हणायची.

ती नोकरीसुद्धा त्याला कानांमुळेच मिळाली. कोळारच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या तेलाच्या कारखान्यात घाण्याच्या यंत्रांचा आवाज असा होता, की नवा माणूस आठवड्यात पळून जाई. शिवाप्पा पळाला नाही. उलट त्या खात्यात कुणालाच कुणाचं ऐकू येत नसल्याने, हळूहळू सगळे शिवाप्पाच्या खुणा शिकले. पिशवी दे, पट्टा थांबव, साहेब आला, चहा आला. वीस वर्षांत घाण्याचं अख्खं खातं हातांनी गप्पा मारायला लागलं होतं. फक्त ऑफिसातली माणसं कोरडी राहिली, कारण ऑफिस लांब होतं आणि तिथे शांतता होती.

दुसऱ्याच दिवशी मनीषा सासूला साखर तपासायच्या निमित्ताने बिदरच्या ईएसआय, म्हणजे कामगार विम्याच्या, दवाखान्यात घेऊन गेली. दर महिन्याला शिवाप्पाच्या पगारातून जे कापलं जाई, त्यावर तो दवाखाना होता. त्याच्या कार्डावर बायकोचंही नाव होतं. शिवाप्पाही बरोबर आला. दर महिन्याला स्वतःच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणायला तो येतच असे. डॉक्टरने अनसाबाईच्या डोळ्यांत बॅटरी मारली तेव्हा तो दारात उभा राहून पाहत होता.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. ऑपरेशन गुलबर्ग्याच्या मोठ्या दवाखान्यात होईल, त्याला पैसा लागणार नाही, पण आधी साखर खाली आली पाहिजे आणि त्याला तीन महिने गोळ्या लागतील, असं डॉक्टर म्हणाले. मनीषाने तिथल्या तिथे बोटं मोजली. एप्रिल सुरू होता. शिवाप्पा मे अखेरीस निवृत्त होणार होता.

ती परस्पर कारखान्यात गेली. टाइमकीपर उद्धवराव मूळचा संतपूरचा, भला माणूस, पण कुठलाही प्रश्न अर्धा ऐकून पूर्ण उत्तर देणारा. नोकरी संपली की कार्ड संपलं, असं तो म्हणाला. वर, मे अखेरीस कार्ड ऑफिसात जमा करायचं, हेही सांगितलं.

रात्रीच्या जेवणाआधी रविकुमारचा फोन आला. चाकणला राहून त्याला कागदपत्रांची फार अक्कल आली होती. अप्पाची जन्मतारीख दुरुस्त करू, असं त्याने सुचवलं. एक जून एकोणीसशे बावन्न ही तारीख खोटी आहे हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. त्या काळात मास्तर ज्याला त्याला एक जून वाटून टाकत. बहिऱ्या शिवाप्पाचं नावही मास्तरने केवळ पट भरावा म्हणून घातलं होतं आणि तो शाळेत गेला होता मोजून दोन दिवस. एखादं वर्ष कमी झालं की नोकरी एक वर्ष वाढेल, तेवढ्यात डोळे होतील. मनीषाला हे पटलं. अनसाबाई तर कुठलीही गोष्ट पटवून घ्यायला तयारच होती.

रविवारी दोघी खटकचिंचोळीला गेल्या. शिवाप्पाची थोरली बहीण गंगव्वा अंगणात तुरी पाखडत होती. भाऊ कधी जन्मला हे तिला अगदी चोख आठवत होतं.

"रझाकाराच्या वर्सी. आईनं ह्याला घोंगडीत गुंडाळलं आन् आमी सगळे वढ्यात लपून बसलाव. हा रडंल म्हणून आईनं तोंडावर हात धरला होता. मी सात वर्सांची होते, विसरीन का?"

मनीषाने बोटं मोजली. पुन्हा मोजली. रझाकाराचं वर्ष म्हणजे अठ्ठेचाळीस. सासरा कागदावर अठ्ठावन्न वर्षांचा आणि खरोखरीचा बासष्ट वर्षांचा होता. तारीख दुरुस्त केली तर कारखाना म्हणेल, चार वर्षांपूर्वीच घरी जायला हवं होतं. अनसाबाई आधी कपाळाला हात लावून बसली, आणि मग पदर तोंडाला लावून अशी हसत सुटली की गंगव्वाच्या तुरी सांडल्या.

परतल्यावर शिवाप्पाने विचारलं, कुठे गेला होतात. अनसाबाईने मान डोलावली. शिवाप्पा बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिला.

मग मनीषाच्या लक्षात आलं की तो काहीतरी सांगू पाहतोय. दोन्ही हातांनी मिशांना पीळ द्यायचा, तळहातावर गोळी ठेवल्यासारखं करायचा, मग एकामागे एक बोट लावून रांग दाखवायचा. मिशा म्हणजे राघोबा, हे तिला माहीत होतं. तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालेला त्याचा घाण्याशेजारचा दोस्त. राघोबाला निरोपाच्या कार्यक्रमाला बोलवायचं असेल, असं समजून तिनेही मान डोलावली. त्या महिन्यात त्या घराला मान डोलावण्याची साथच लागली होती.

संध्याकाळी ओट्यावर बसून शिवाप्पा बायकोशी बोलत राही. पूर्वीपेक्षा कमी, पण बोले. एकदा दिवे लागायच्या वेळी त्याने मुठी कानांशी नेऊन काही विचारलं. अनसाबाईने मान डोलावली. त्याने पुन्हा विचारलं, तिसऱ्यांदाही विचारलं. तिने प्रत्येक वेळी डोलावली, वर हसली. मनीषा दाणे निवडत होती; तिला नवल वाटलं, पण डोक्यात कार्डाचा घोर होता आणि ते तसंच राहून गेलं.

निरोपाला तीन दिवस उरले होते, तेव्हा उद्धवराव कागदांवर अंगठे घ्यायला घरी आला. चहा झाला, अंगठे झाले. मग त्याने कार्डासाठी हात पुढे केला. मनीषाने ट्रंकेतून कार्ड काढलं. देताना तिच्या बोटांनी ते जरा जास्तच घट्ट धरलं. अनसाबाई भिंतीला टेकून बसली होती, तिने तोंड दुसरीकडे वळवलं.

शिवाप्पा उठला. मनीषाच्या हातातलं कार्ड त्याने हळूच काढून घेतलं, आपल्या बनियनच्या खिशात घातलं, उद्धवरावाला तळहात दाखवून बसायला सांगितलं, आणि सायकल काढून निघून गेला.

"नियमच हाय, मी काय करू," उद्धवराव बिचारा दोनदा म्हणाला. कुणी त्याला काही म्हटलेलं नव्हतं.

अर्ध्या तासाने सायकल परत आली. कॅरिअरवर दोन्ही पाय एका बाजूला टाकून नव्या नवरीसारखा राघोबा बसला होता, मिशांसकट. उतरला, धोतर झटकलं, आणि बंडीच्या आतून प्लास्टिकची पिशवी काढली. तिच्यात त्याचं कार्ड होतं.

"कोण म्हणलं कार्ड संपतंय म्हणून? मी तीन वर्सं झाली गोळ्या आणायलाव."

उद्धवरावाने कार्ड उलटसुलट करून पाहिलं. राघोबाने सगळं बैजवार सांगितलं. ज्याने पाच वर्षं तरी विम्यात नोकरी केली आणि जो वय झालं म्हणून सुटला, त्याने वर्षाचे एकशेवीस रुपये आगाऊ भरायचे. कारखान्याकडून तसा दाखला घ्यायचा. मग नवरा-बायको दोघांना दवाखाना तसाच सुरू राहतो. त्याच्या सत्यभामाबाईचं पित्ताशयाचं ऑपरेशन मागच्याच वर्षी यावर झालं होतं.

"पर हे मी तुमाला कामून सांगायलाव?" राघोबाने शिवाप्पाच्या खांद्यावर हात टाकला. "ह्याला सगळं ठाऊक हाय की. दर महिन्याला रांगेत आमी दोघं पुढंमागं असताव. त्यानंच पहिल्यांदा इचारलं, तू सुटलास तर मग हितं कसा. मी हातानं सगळं सांगितलंय. तुमी ह्याला इचारलंच न्हाई?"

मनीषाला मिशांचा पीळ, तळहातावरची गोळी, बोटांची रांग, सगळं एकदम आठवलं. फोनवर चाकण झालं, एसटीने खटकचिंचोळी झाली, रझाकाराच्या वर्षापर्यंत जाऊन आलो, आणि ज्याचं कार्ड तो माणूस ओट्यावर बसलेला होता.

तिने सासऱ्यापुढे जाऊन दोन्ही कान धरले. या खुणेचा अर्थ सांगावा लागला नाही. शिवाप्पाने तिच्या डोक्यावर टपली मारली आणि चहा ठेवायची खूण केली.

दुसऱ्या दिवशी तिने ईएसआयच्या ऑफिसात जाऊन खात्री करून घेतली, कारण आता ती अर्ध्या उत्तरावर विश्वास ठेवणार नव्हती. खिडकीवर पार्वतम्मा नावाच्या बाई होत्या. राघोबाने सांगितलं होतं तेच त्यांनी सांगितलं आणि एक अर्ज पुढे सरकवला. मनीषाने विचारलं, सासऱ्यांना ऐकू येत नाही, तर अशा माणसांचा अर्ज वेगळा असतो का, की त्यांना काही वेगळं सर्टिफिकेट लागतं.

पार्वतम्मांनी चष्म्यावरून पाहिलं.

"ऐकू येत न्हाई म्हणून पगारातून कमी कापत होते का?"

"न्हाई. सगळ्यांएवढंच."

"मग अर्जबी सगळ्यांचाच भरा."

मनीषाला ते वाक्य इतकं आवडलं की घरी येईपर्यंत ती ते मनात म्हणत होती. सासऱ्याला मात्र ते हातांनी कसं सांगावं हे तिला कळेना. शेवटी तिने सगळी बोटं एका उंचीवर धरून दाखवली. शिवाप्पाला कळलं.

निरोपाचा कार्यक्रम घाण्याच्या खात्यातच झाला. उद्धवरावाने भाषण केलं, साहेबांनी भाषण केलं, आणि शिवाप्पाने लोकांच्या हातांकडे पाहत प्रत्येक वेळी सर्वांत शेवटी टाळी वाजवली. मग शाल, नारळ झालं. मग कुणीतरी गंमत म्हणून यंत्रं सुरू केली आणि त्या गदारोळात चाळीस माणसं हात वर करून त्याच्याशी बोलू लागली. शिवाप्पा एकेकाला उत्तर देत होता, हसत होता, डोळे पुसत होता. साहेब कोपऱ्यात उभे होते. त्यांना एक अक्षर कळत नव्हतं. उद्धवराव मात्र जवळ आला आणि पहिल्यांदाच एक खूण करून पाहिली. चहा. चुकीची केली, पण शिवाप्पाने चालवून घेतली.

साखर उतरायला तीनाऐवजी चार महिने लागले. अनसाबाई कुणी नसलं की गूळ खायची, हे मागाहून उघडकीला आलं. सप्टेंबरात गुलबर्ग्याला तिच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरने पट्टी सोडली. आधी तिला खिडकी दिसली, मग मनीषाची हिरवी ओढणी, मग खाटेच्या पायथ्याशी शिवाप्पा. तो हात मांडीखाली दाबून बसला होता. डॉक्टर म्हणेपर्यंत तिच्या डोळ्याला त्रास द्यायचा नाही, असं त्याने बहुधा स्वतःच ठरवलं होतं.

"बोला की," अनसाबाई म्हणाली आणि हाताने खूण केली.

मग त्याचे हात सुटले. इतक्या महिन्यांचं सगळं तुंबलेलं बोलणं बाहेर आलं. रविकुमारच्या चाकणच्या खोलीचं, शेजारणीच्या भांडणाचं, राघोबाच्या खोट्या दाढेचं. अनसाबाईचा एकच डोळा नीट झाला होता आणि तो त्याच्या हातांमागे पळत होता. मध्येच तिने त्याचं मनगट धरलं आणि आपल्या डोळ्याकडे बोट नेलं.

"मला दिसंना हे तुमाला ठाऊक होतं?"

शिवाप्पाने अंगठा आणि दोन बोटं चोळली. मीठ. मग मान दोनदा डोलावून दाखवली, हुबेहूब तिच्यासारखी, ते गोड हसूसुद्धा. मग हवेतल्या ताटात एक भाकरी वाढली. अनसाबाई इतकी हसली की सिस्टर धावत आली आणि डोळ्यावर ताण येईल म्हणून रागावली. सिस्टर गेल्यावर शिवाप्पाने इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच दोन्ही मुठी कानांशी नेल्या. मग बोटांवर मोजून दाखवलं. तीनदा विचारलं. तीनदा तू हो म्हणालीस.

अनसाबाईच्या तोंडाचा आ झाला. "मी? कवा?"

ओट्यावर, त्याने खूण केली. दिवे लागायच्या वेळी.

कोळारला रिक्षातून उतरल्यावर कडुलिंबाला बांधलेली मेंढी तिला लांबूनच दिसली. काळं तोंड, कपाळावर पांढरा ठिपका. मनीषा घाईघाईने घरात जाऊन कामाला लागली, कारण अनसाबाई दवाखान्यात असताना पाणी कुणी घातलं, चारा कुणी आणला, हे प्रश्न तिच्यापर्यंत येणार होते. अनसाबाई मेंढीपुढे उभी राहिली. शिवाप्पा सायकलीला टेकून, जमिनीकडे पाहत, शिक्षेची वाट पाहत होता. तिने मेंढीचा जबडा एका हाताने धरला, ओठ वर केला, नवा डोळा बारीक करून पाहिलं. मग पाठीवरून, पोटाखालून हात फिरवला.

"चारदाती हाय, तरणी हाय," ती त्याच्यापुढे हात हलवत म्हणाली. "गाभण बी हाय. घेताना बघितलंसा का न्हाई?"

त्याने बघितलं नव्हतं. अनसाबाईने पदर खोचला आणि पाण्याची बादली आणायला गेली.

तिघं जेवायला बसली तेव्हा वीज गेलेली होती. मनीषाने चिमणी लावून मध्ये ठेवली. वरण तिने स्वतः चाखून उतरवलं होतं. त्या दिवसापासून ती मिठाची चूक पुन्हा करत नव्हती. शिवाप्पाने एक घास खाल्ला. मग ताटाच्या कडेवर टकटक केली, अंगठा आणि दोन बोटं एकमेकांवर चोळली आणि वरणाकडे हनुवटी केली.

मनीषा काही बोलणार होती. तेवढ्यात अनसाबाईने हात लांब करून मिठाची बरणी उचलली आणि त्याच्या ताटापुढे ठेवली.

शिवाप्पाने बरणीला हात लावला नाही. ती दोघांच्या मध्ये तशीच राहू दिली आणि पोटभर जेवला.